‘वेस्ट’ : विनाशवाचक इंग्रजी शब्दाचा अर्थविस्तार आणि खानदेशातील उजाड भूमीचा इतिहास

प्रस्तावना

इसवी सन १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांतील इंग्रजी महसुली कागदपत्रे वाचू लागले की एक शब्द वारंवार समोर येतो. तो शब्द म्हणजे ‘वेस्ट’. दिशावाचक ‘वेस्ट’ शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात, एवढेच. प्रस्तुत निबंधात विचारात घेतलेला ‘वेस्ट’ हा विनाश, उजाडपणा, ओसाडी आणि नासाडी या अर्थांचा शब्द आहे. आजच्या विद्यार्थ्याला तो मुख्यतः ‘कचरा’ किंवा ‘वाया जाणे’ या अर्थाने परिचित आहे. त्यामुळे जुन्या अहवालात एखाद्या तालुक्यातील हजारो एकर जमीन ‘वेस्ट’ असल्याचे वाचले की ती जमीन नापीक, निरुपयोगी व निर्मनुष्य होती, असा समज सहज होतो. मराठी अनुवादातही त्या शब्दासाठी सरसकट ‘पडीक’ हा एकच शब्द योजला जातो.

हा समज अनेकदा चुकीचा असतो. ‘वेस्ट’ या एका शब्दाच्या पोटात किमान चार वेगवेगळ्या प्रकारच्या भूमी दडलेल्या आहेत. मराठी महसुली परंपरेत या चारही प्रकारांना स्वतंत्र नावे होती. ती नावे एका रकान्यात विलीन झाली, तेव्हा केवळ भाषेचे नुकसान झाले नाही. त्या भूमीवर कोणाचा हक्क होता, ती कोणी सोडली आणि का सोडली, या प्रश्नांची उत्तरेही त्या रकान्यात बुजली गेली. या प्रक्रियेचा खानदेशाच्या संदर्भात मागोवा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

शब्दाची व्युत्पत्ती व इंग्रजीतील अर्थविकास

‘वेस्ट’ या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील ‘वास्तुस’ या विशेषणात सापडते. रिकामे, ओसाड, निर्जन हा त्याचा अर्थ होय. त्यापासून ‘वास्तारे’, म्हणजे ओसाड करणे, हे क्रियापद झाले. उत्तर फ्रान्समधील जुन्या बोलीतून हा शब्द मध्ययुगात इंग्रजीत आला. त्याच अर्थाचा व त्याच कुळातील एक जुना शब्द इंग्रजीत आधीपासूनच होता. अफाट विस्तार सुचविणारा ‘व्हास्ट’ आणि संपूर्ण विध्वंस सुचविणारा ‘डेव्हास्टेशन’ हे दोन शब्दही त्याच लॅटिन मुळाचे आहेत. विस्तार, रिकामेपणा आणि विध्वंस या तीन कल्पनांचे हे नाते लक्षात ठेवण्यासारखे आहे. जेथे कोणी नाही ती जागा अफाट वाटते, आणि जेथे कोणी उरले नाही ती जागा उद्ध्वस्त असते.

इंग्लंडमध्ये या शब्दाचे तीन स्वतंत्र उपयोग रूढ झाले. पहिला उपयोग युद्धाचा. शत्रूचा मुलूख जाळून, लुटून ओसाड करणे यासाठी हा शब्द योजला जाई. दुसरा उपयोग जमीनदारीचा. जहागिरीतील जी जमीन नांगरटीखाली नसे, पण जिच्यावर गावकऱ्यांची गुरे चरत व जेथून सरपण मिळे, तिला त्या जहागिरदाराचे ‘वेस्ट’ म्हणत. म्हणजे या अर्थाने ‘वेस्ट’ जमीन निरुपयोगी नव्हती. गरिबाच्या चुलीचा व दुभत्या जनावराचा आधार तीच होती. तिसरा उपयोग न्यायालयीन. दुसऱ्याच्या मालकीची जमीन मुदतीने वा हयातभर भोगणाऱ्याने तिचे कायमचे नुकसान केले, उदाहरणार्थ घर पाडले वा मोठे वृक्ष तोडले, तर त्या अपराधाला ‘वेस्ट’ म्हणत. इसवी सन १२७८ च्या ग्लॉस्टरच्या कायद्याने अशा अपराधाबद्दल ती जागा काढून घेण्याची व तिप्पट नुकसानभरपाईची तरतूद केली होती.

सतराव्या शतकाच्या अखेरीस या शब्दाला तात्त्विक वजन प्राप्त झाले. जॉन लॉक याने १६९० सालाची नोंद असलेल्या आपल्या राज्यशासनविषयक दुसऱ्या प्रबंधात मालमत्तेचा उगम श्रमात शोधला. ज्या जमिनीवर चराई, नांगरट वा लागवड यांची कोणतीही सुधारणा झालेली नाही आणि जी सर्वस्वी निसर्गाच्या स्वाधीन आहे, ती ‘वेस्ट’ या नावाने ओळखली जाते व तिचा लाभ नगण्य असतो, असे प्रतिपादन त्याने केले. येथे एक महत्त्वाचा उलटफेर झाला. न्यायालयीन अर्थाने झाड तोडणे हा ‘वेस्ट’ होता. नव्या अर्थाने झाड उभे ठेवून जमीन न नांगरणे हा ‘वेस्ट’ ठरू लागला. पूर्वी हा शब्द कोणीतरी केलेल्या कृतीचा दोष सांगत असे. आता तो न केलेल्या कृतीचा दोष सांगू लागला. कंपनी सरकारचे अधिकारी भारतात आले, तेव्हा त्यांच्या भाषेत हे सर्व अर्थ एकाच वेळी वावरत होते.

मराठी महसुली परंपरेतील संज्ञा

याच कालखंडात मराठी दप्तरांत जी शब्दसंपदा रूढ होती, ती अधिक विभागलेली होती. वस्ती उठून गेलेल्या गावासाठी ‘उजाड’, ‘ओसाड’, ‘वैराण’ आणि ‘बेचिराख’ हे शब्द वापरले जात. त्यांपैकी ‘बेचिराख’ हा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा, अशा दोन फारसी पदांपासून तो बनला आहे. ज्या गावात सांजवेळी एकही दिवा लागत नाही, ते गाव बेचिराख. गावाची सीमा असते, नाव असते, दप्तरात नोंद असते. फक्त दिवा लावणारे कोणी नसते. आजच्या मराठीत मात्र हा शब्द जळून खाक झालेल्या शहरांसाठी वापरला जातो. त्यातील ‘राख’ हा अंश कानाला मराठी वाटत असल्यामुळे हा अर्थबदल झाला असावा. महसुली भाषेत जुना अर्थ टिकून राहिला. तेथे बेचिराख गाव म्हणजे जळालेले गाव नव्हे, तर वस्ती नसलेले गाव.

जमिनीसाठी ‘पड’ हा शब्द होता. ‘पडणे’ या क्रियापदापासून आलेला हा शब्द मुळात अवस्था सांगतो, स्वभाव सांगत नाही. जमीन पडली आहे, म्हणजे सध्या वाहितीत नाही. उद्या ती पुन्हा लागवडीस येऊ शकते. पड जमीन लागवडीस आणण्यासाठी ‘कौल’ देण्याची व ‘इस्तावा’ पद्धतीने सारा ठरविण्याची रीत होती. कौल म्हणजे सरकारचे अभयवचन आणि इस्तावा म्हणजे पहिल्या वर्षी अल्प व पुढे वर्षागणिक वाढत जाऊन ठराविक मुदतीनंतर पूर्ण दरास पोहोचणारा सारा. लोक परागंदा झाले की कौल देऊन त्यांना परत बोलावणे, हे राज्यकर्त्याचे कर्तव्य व हित दोन्ही मानले जाई.

ज्या जमिनीचे कूळ नष्ट झाले वा परागंदा झाले, तिला ‘गतकूळ’ म्हणत. पुणे प्रांतातील गावांत जमिनीची ‘थळे’ मूळ कुटुंबांच्या आडनावांनी ओळखली जात आणि ते कुटुंब गावातून नाहीसे झाल्यानंतरही थळाचे नाव बदलत नसे. कंपनीच्या आरंभीच्या अधिकाऱ्यांनीही या प्रथेची नोंद घेतलेली आहे. याचा अर्थ असा की, रिकाम्या जमिनीची नोंद करताना दप्तर ती कोणाची होती हेही सांगत असे. याशिवाय गुरांच्या चराईसाठी ‘गायरान’ आणि ‘कुरण’ तसेच झाडीच्या प्रदेशासाठी ‘रान’ व ‘डांग’ असे शब्द होते. यांतील एकाही शब्दात विनाशाचा ध्वनी नाही.

अर्थात मराठी संज्ञांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ‘पड’ हाही सरकारी वसुलीच्या दृष्टीने निर्माण झालेला शब्द आहे आणि पड वाढणे म्हणजे सरकारचे नुकसान, ही भूमिका पेशवे दप्तरातही दिसते. भेद एवढाच की, उजाड गाव, पडलेले शेत, चराईचे रान आणि डोंगरातील झाडी या चार गोष्टी मराठी लेखनिकाच्या लेखी चार होत्या.

खानदेशाचा विध्वंस : १८०२ ते १८१८

खानदेशात इंग्रजांनी पाहिलेला उजाडपणा काल्पनिक नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश फारुकी राजवटीत व पुढे १६०१ नंतर मोगल अमलात समृद्ध मानला जात असे. नद्यांवरील दगडी बंधारे आणि त्यांवर आधारलेली फड पद्धतीची पाटबंधारे व्यवस्था हे त्या समृद्धीचे दृश्य प्रमाण होते. अठराव्या शतकातही युद्धांनंतर गावे पुन्हा वसविली जात होती. स्ट्युअर्ट गॉर्डन यांच्या अभ्यासाने या पुनर्वसनाच्या प्रक्रियेकडे लक्ष वेधलेले आहे.

१८०२ मध्ये मात्र यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला. त्या पाठोपाठ १८०३ चा भीषण दुष्काळ आला. या दोन आघातांनी खचलेल्या प्रदेशात दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीतील मक्त्याची वसुली सुरू राहिली. मक्तेदाराला मुदतीत गुंतविलेली रक्कम वसूल करावयाची असल्यामुळे उजाड गावांचा भार वसलेल्या गावांवर पडू लागला. पेंढाऱ्यांच्या धाडी, अरब शिबंदीचा जाच आणि डोंगराच्या आश्रयाने चालणारी लूट यांनी उरलेसुरले जीवन असह्य झाले. मैदानातील गावांत जागल्याचे काम करणारे, गावाच्या उत्पन्नात हक्क असणारे अनेक भिल्ल याच काळात गावे सोडून सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांत गेले.

६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांना दिला. फेब्रुवारी अखेरीस थाळनेरचा किल्ला पडला आणि तेथील किल्लेदार तुळसीराम मामा यास फाशी देण्यात आली. मालेगावचा वेढा जूनमध्ये संपला. त्याच महिन्याच्या आरंभी बाजीराव असीरगडानजीक जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाला. खानदेशाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे सोपविण्यात आला आणि त्यांनी धुळे हे आपले मुख्य ठिकाण केले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबाबत जो अहवाल सादर केला, त्यात खानदेशाच्या अवनतीचा आरंभ १८०२ पासून मानला आहे. होळकरांची स्वारी, दुष्काळ व पेशव्यांच्या अधिकाऱ्यांचा गैरकारभार ही तीन कारणे त्यांनी क्रमाने दिली आहेत. झाडीने वेढलेली गावे, मोडकळीस आलेले बंधारे व नाहीशी झालेली वस्ती यांचे जे चित्र त्यात आहे, त्याची सत्यता नाकारता येत नाही.

या टप्प्यावर ‘वेस्ट’ हा शब्द आपल्या मूळ अर्थाने, म्हणजे उद्ध्वस्त या अर्थाने, वापरला जात होता. त्याला काळ होता, कारणे होती आणि कर्तेही होते. तथापि त्याचा एक राजकीय उपयोगही होता. मागील सत्तेने केलेला विनाश जितका भयंकर, तितके नव्या सत्तेचे आगमन समर्थनीय. १८०३ आणि १८१७-१८ मधील युद्धांत इंग्रज स्वतः एक पक्ष होते, ही बाब या मांडणीत मागे पडते.

उद्ध्वस्त भूमीकडून ‘शिलकी’ भूमीकडे

पहिल्या दोन दशकांत नव्या सरकारची धोरणे बऱ्याच अंशी जुन्या कौल पद्धतीचीच होती. परागंदा झालेल्यांना सवलतीच्या साऱ्याने परत बोलावणे, तगाई देणे आणि उजाड गावे वसविणे हा त्यांचा आशय होता. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. त्यांपैकी एकीचे ठाणे अजिंठ्याच्या रांगेतील कन्नड येथे होते. याच वर्षी जेम्स औट्रम यांनी भिल्ल पलटण उभारली व तिचे ठाणे पुढे धरणगाव येथे राहिले. डोंगरातून खाली येणाऱ्या भिल्ल कुटुंबांना बैल, बियाणे आणि तगाई देऊन ‘वेस्ट’ जमिनीवर वसविण्यात आले. या वसाहतींकडे इंग्रजी कागदांत सुधारणेचा प्रयोग म्हणून पाहिले गेले. परंतु ज्यांना ही जमीन ‘दिली’ गेली, त्यांतील काहींचे पूर्वज ती उजाड होण्यापूर्वी त्याच गावांचे जागले होते, ही गोष्ट ‘वेस्ट’ या शब्दातून सूचित होत नाही. ‘उजाड’ म्हटले असते तर ‘कोणाच्या जाण्याने?’ हा प्रश्न आपोआप उभा राहिला असता.

पाचोऱ्याचा इतिहास या दृष्टीने लक्षणीय आहे. पाचोरा, यावल व चोपडा हे परगणे शिंद्यांकडून इंग्रजांकडे १८४३-४४ च्या सुमारास आले. म्हणजे गिरणेच्या खोऱ्यातील शेजारशेजारच्या गावांत पाव शतक दोन राजवटींचे हिशेब नांदत होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने सीमा ओलांडून कमी साऱ्याच्या गावात जाणे हा एक मार्ग होता. अशा वेळी जमीन पड पडणे हे विनाशाचे लक्षण नसून कधी कधी साऱ्याविरुद्धचा मूक निषेध असतो. पण नोंदवहीच्या रकान्यात निषेध आणि विनाश सारखेच दिसतात.

१८५२ मध्ये जॉर्ज विंगेट यांनी खानदेशाच्या मोजणी व आकारणीची योजना सादर केली. त्याच वर्षी सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत मोजणीला लोकांनी संघटित विरोध केला व तो लष्कराच्या साहाय्याने मोडून काढण्यात आला. पुढे मुंबई पद्धतीची मोजणी जिल्हाभर झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, बांध व निशाण्या पक्क्या झाल्या आणि तीस वर्षांसाठी आकार ठरला. या व्यवस्थेचे लाभही होते. जुन्या मनमानी वसुलीपेक्षा निश्चित आकार शेतकऱ्याला अधिक सोयीचा होता. मात्र या व्यवस्थेने जमिनीचे वर्गीकरण मूलतः दोन भागांत केले. ज्या नंबरावर खातेदाराचे नाव आहे ती धारण जमीन आणि ज्यावर नाव नाही पण जी वाहितीस योग्य आहे ती सरकारी ‘वेस्ट’. येथे शब्दाचा अर्थ पूर्ण बदलला. आता ‘वेस्ट’ म्हणजे उद्ध्वस्त झालेली नव्हे, तर आकार न देणारी, शिल्लक राहिलेली जमीन. अशा नंबरांवरील गवताचा लिलाव होऊ लागला. ज्या गवतावर गावची गुरे विनापरवाना चरत होती, ते आता सरकारी उत्पन्नाची बाब बनले.

यानंतर घटना वेगाने घडल्या. १८६० च्या दशकाच्या आरंभी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशातून भुसावळपर्यंत आली. पाचोरा या लोहमार्गावर आले. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि पड जमीन झपाट्याने नांगराखाली गेली. १८६१ मध्ये लॉर्ड कॅनिंग यांच्या सरकारने ‘वेस्ट’ जमिनी कायमच्या मालकीने विकण्याचा ठराव केला. अशा जमिनींवरील दाव्यांच्या निवाड्यासाठी १८६३ चा तेविसावा कायदा संमत झाला. शब्दाचा प्रवास ओसाड मुलखाच्या वर्णनापासून विक्रीयोग्य मालमत्तेपर्यंत अवघ्या ४५ वर्षांत पूर्ण झाला.

कायद्यातील ‘वेस्ट’ आणि सातपुड्यातील वहिवाट

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेने, जी जमीन दुसऱ्या कोणाच्या मालकीची म्हणून सिद्ध होत नाही, ती सरकारची, हे तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले. हेच तत्त्व महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही पुढे चालू राहिले आहे. तत्पूर्वी १८७८ च्या भारतीय वन कायद्याने सरकारी मालकीची वनजमीन किंवा ‘वेस्ट’ जमीन राखीव वन म्हणून घोषित करण्याचा अधिकार सरकारला दिला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात हा शब्द तसाच आहे. सातपुड्यातील विस्तीर्ण क्षेत्रे या अधिकाराखाली राखीव झाली.

या कलमातील विसंगती विचार करण्याजोगी आहे. ज्या शब्दाने कधीकाळी जंगलतोडीचा अपराध सूचित होत होता, त्याच शब्दाने येथे जंगलासह सर्व अनांकित भूमीचा निर्देश होतो. आणि ती सरकारजमा करून तिचे ‘रक्षण’ करण्याचे समर्थनही होते. भिल्ल, पावरा, तडवी आदी समाजांची फिरती शेती, मोहाची फुले, डिंक, गवत व सरपण यांवरील वहिवाट या शब्दाच्या कक्षेत बसत नव्हती. जी भूमी नोंदीत रिकामी, तिच्यावर राहणारा माणूस आपोआप अतिक्रमक ठरला. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वन निवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ च्या प्रास्ताविकात ऐतिहासिक अन्यायाचा जो उल्लेख आहे, त्याचे एक मूळ या शब्दाच्या वापरात शोधता येते. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांतील वनहक्क दाव्यांत आपण त्या जमिनीवर पूर्वीपासून आहोत, हे सिद्ध करण्याचे काम वहिवाटदारांवरच येऊन पडले, ही या इतिहासाची परिणती होय.

स्वातंत्र्यानंतर हा शब्द नाहीसा झाला नाही. १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळ स्थापन झाले. २००० मध्ये उपग्रह-प्रतिमांच्या आधारे देशाचा पडीक भूमी नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला व पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. या प्रयत्नांमागील धूप नियंत्रणाचा व वनीकरणाचा हेतू मोलाचा आहे. तथापि झुडपी रान, खडकाळ माळ आणि चराईची जमीन उपग्रहाच्या दृष्टीला रिकामी दिसते. त्या माळावर वर्षातून काही महिने मेंढ्या चारणारा ठेलारी धनगर त्या प्रतिमेत दिसत नाही. गावाच्या सामाईक जमिनींना २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात संरक्षण देण्याची भूमिका घेतली. ‘वेस्ट’ मानल्या गेलेल्या जमिनीला ‘सामाईक’ हे नाव मिळताच तिचे कायदेशीर स्वरूप कसे बदलते, याचे ते उदाहरण आहे.

इतिहासलेखन व अनुवादासाठी निष्पन्न होणारे मुद्दे

वरील विवेचनातून इतिहासाच्या अभ्यासकासाठी आणि प्रादेशिक इतिहासाच्या अध्यापनासाठी काही मुद्दे पुढे येतात.

पहिला मुद्दा काळाचा. १८१८ ते १८३० दरम्यानच्या कागदांत ‘वेस्ट’ हा शब्द आला असता त्याचा अर्थ बहुधा ‘उजाड’ वा ‘ओसाड’ असतो. १८५२ नंतरच्या मोजणी अहवालांत त्याचा अर्थ ‘सरकारी पड’ असा असतो, तर १८७८ नंतरच्या वनविषयक कागदांत त्यात ‘रान’ व ‘गायरान’ यांचाही समावेश असू शकतो. त्यामुळे दोन कालखंडांतील ‘वेस्ट’ क्षेत्राचे आकडे शेजारी मांडून त्यांवरून प्रगती वा अधोगतीचा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

दुसरा मुद्दा अनुवादाचा. सर्वत्र ‘पडीक’ हा एकच प्रतिशब्द वापरल्याने इंग्रजी शब्दाची संदिग्धता मराठीतही येते. वस्ती नाहीशी झाली असेल तेथे ‘बेचिराख’ वा ‘उजाड’, वाहिती थांबली असेल तेथे ‘पड’, चराई चालू असेल तेथे ‘गायरान’ आणि झाडी असेल तेथे ‘रान’ असा संदर्भानुसार भेद केला पाहिजे. ‘आकारी पड’ आणि ‘पोटखराबा’ या संज्ञा तर आजही सात-बाराच्या व्यवहारात स्वतंत्र अर्थाने जिवंत आहेत. त्यांना एका शब्दात गुंडाळणे गैर आहे.

तिसरा मुद्दा साधनांचा. इंग्रजी अहवालातील ‘वेस्ट’ हा शब्द पडताळून पाहण्यासाठी त्याच गावाचे मोडी कागद, देशमुख-देशपांडे घराण्यांची दप्तरे, कौलनामे आणि बेचिराख गावांची स्थलनामे यांचा आधार घेता येतो. वि. का. राजवाडे यांच्या स्मरणार्थ धुळे येथे स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहामुळे खानदेशातील अभ्यासकाला ही सोय घराजवळ उपलब्ध आहे. पाचोरा, भडगाव, चाळीसगाव परिसरातील ज्या शिवारांना नाव आहे पण गाव नाही, अशा शिवारांची यादी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तयार होऊ शकते. अशा प्रत्येक शिवाराची विहीर, मारुतीचा ओटा वा पांढरीची जागा हे एकेक साधन आहे. वस्ती कोणत्या कारणाने उठली, याचे स्मरण शेजारच्या गावातील वृद्धांकडून अजूनही मिळू शकते. ते मिळविण्यास फार काळ उरलेला नाही.

निष्कर्ष

‘वेस्ट’ हा शब्द विनाशाचे वर्णन करण्यासाठी खानदेशात आला आणि तो विनाश खरा होता. परंतु वर्णन करणारा शब्द हळूहळू वर्गीकरण करणारा शब्द बनला व वर्गीकरणातून मालकी निर्माण झाली. या प्रवासात विनाशाची कारणे, काळ आणि त्यात देशोधडीस लागलेली माणसे शब्दातून गळून पडली. उरला तो केवळ एक रकाना. मराठीतील ‘बेचिराख’ या शब्दाने निदान दिव्याची आठवण जपली होती. जेथे दिवा नाही असे म्हणताना, तेथे कधीतरी दिवा होता, हे तो शब्द मान्य करीत होता. इंग्रजी महसुली संज्ञेत ही मान्यता नव्हती.

शब्दाचा इतिहास हा केवळ भाषाशास्त्राचा विषय नाही, हे यावरून दिसून येते. सातपुड्याच्या पायथ्याशी वनहक्काचा दावा घेऊन उभ्या असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने, त्याच्या जमिनीसाठी दीडशे वर्षांपूर्वी कोणता शब्द लिहिला गेला, हा आजचा व्यवहारातला प्रश्न आहे. प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकाने जुन्या अहवालातील आकड्यांइतकेच त्यांच्या शीर्षस्थानी लिहिलेल्या शब्दांचेही परीक्षण करावे, एवढीच अपेक्षा या विवेचनातून व्यक्त होते.